उघडा माळ परत धरायचा असंल तर झाड सगळ्यात शेवटी लावा

दर जूनला आपल्याकडं तेच दिसतं. डोंगराच्या उतारावर दीड दीड फुटाचे खड्डे, त्यात रोपं, सगळ्या गावाचे फोटो, आणि पुढच्या एप्रिलात तिथं नुसत्या काठ्या उभ्या. लोकांची तळमळ खरी असते, मी स्वतः त्या फोटोत उभा राहिलेला माणूस आहे, पण क्रम चुकतो. जिथं माती राहिलेली नाही तिथं झाड कशावर जगणार? आधी पाणी थांबवायचं, मग गवत आणायचं, मग झुडपं, आणि मग झाड. आमचा साडेतीन एकराचा माळ सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे, मुरमाड, उतार पूर्वेला, मधनं दोन ओघळी. तिथं काय काय केलं आणि काय चुकलं ते सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा कमी पावसाच्या भागात कुणाला करायचं असंल तर उपयोग होईल. महाबळेश्वर, पाटणकडच्या लोकांनी हे जसंच्या तसं उचलू नका. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडं पाचशेच्या आसपास, त्यातही भरवशाचा पाऊस सप्टेंबरात.

आधी नुसतं बघा

एक पावसाळा काहीच करू नका असं म्हणणार नाही, पण निदान एक वळीव तरी माळावर उभं राहून बघा. छत्री घेऊन जा आणि पाणी कुठनं सुरू होतंय, कुठं जोर धरतंय, कुठं गढूळ होतंय ते बघा. पाऊस उघडल्यावर फक्कीनं (चुन्याच्या पावडरीनं) नाहीतर दगड ठेवून त्या जागा खुणवून ठेवा, कारण चार दिवसांनी तिथं गेलं की काही म्हणजे काही दिसत नाही.

माती गेल्याच्या खुणा सोप्या असतात. बारीक दगडाखाली मातीचा छोटा खांब राहिलेला असतो आणि भोवतालची माती खाली गेलेली असते, म्हणजे तो खांब जेवढा उंच तेवढी माती अलीकडं वाहून गेली. जुन्या बोरीच्या, हिवराच्या मुळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. बोटाएवढ्या ओघळी, मग हाताएवढ्या, मग माणूस उतरंल एवढी घळ. आपला सगळा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा, त्याच्यावर माती मुळातच वीतभर, आणि इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, म्हणून घळीला खालनं नाही तर जिथनं ती सुरू होते तिथनं हात घालायचा.

चार पाच ठिकाणी फूटभर खड्डा घ्या, पाणी भरा, मुरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या वेळचं पाणी किती वेळात जिरतंय ते बघा. तासाभरात जिरलं तर मुरूम फुटलेला आहे, चर, म्हणजे उताराला आडवी खणलेली लांब नाली, घेतल्यावर काम होईल. दुसऱ्या दिवशीपण पाणी तसंच असंल तर खाली पाषाण आहे, तिथं खोदायला जाऊ नका, तिथं दगडाच्या ओळी घालाव्या लागतात. मातीवर लिंबू पिळलं आणि बारीक बुडबुडे आले तर चुनखड आहे समजायचं. जमलं तर मातीचा नमुना माती परीक्षणाला द्या, वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाचा वेगवेगळा, सगळी माती एकत्र करून दिली तर त्या रिपोर्टला काही अर्थ राहत नाही.

आणि एक गोष्ट मनापासनं सांगतो, प्रत्येक झाड नसलेला माळ म्हणजे बिघडलेला माळ नाही. माणदेशातलं कितीतरी माळरान मुळातच गवताचं आहे, लांडगा, चिंकारा, खोकड, चंडोल हे सगळे तिथलेच. जिथं पवना, मारवेल, डोंगरी गवत दाट आहे आणि पाणी निवळ वाहतंय तिथं कुदळ मारू नका, खड्डे पाडून झाडं लावू नका. तिथं फक्त वणवा आणि जास्तीची चराई सांभाळायची. आपण बोलतोय ते जिथं जमीन उघडी पडलीय, मुरूम वर आलाय आणि पाणी गढूळ जातंय त्या जागेबद्दल.

चराईचं बोलणं सगळ्यात आधी

खोदकामाच्या आधी हे, कारण याच्याशिवाय बाकीचं सगळं वाया जातं. आमच्या माळावर पिढ्यानपिढ्या धनगरांच्या मेंढ्या येत होत्या. आम्ही पहिल्या वर्षी नुसती तार ओढली आणि न बोलता रस्ता बंद केला, तार दोनदा तुटली आणि मनं पण तुटली. मग वडील स्वतः त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बसले, चहा झाला, आणि ठरलं असं की तीन वर्षं माळावर जनावर चरायला सोडायचं नाही, गवत आलं की कापून न्यायचं ज्याला पाहिजे त्यानं, आणि उन्हाळ्यात कामाआधी आमच्या माळावरच चार चार रात्री मेंढरं बसवायची. ते लेंडीखत आणि मूत उघड्या मुरमावर पडलं ते विकतच्या खतानं कधी झालं नसतं. तीन वर्षांनंतर पाळीपाळीनं चराई सुरू केली, माळाचे चार भाग करून, एका भागावर काही दिवस, मग तो भाग बंद. गवताला चराई थोडी लागतेच, नाहीतर जुना काडीकचरा साठून नवीन फुटवा दबतो. मेंढी शत्रू नाही, एकाच जागेवर रोज आलेली मेंढी अडचण आहे.

कुंपण म्हणाल तर बोराटी आणि बाभळीच्या काट्यांची कुपाटी सगळ्यात स्वस्त. जागा गायरान असंल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, वनखात्याची असंल तर परवानगीशिवाय एक कुदळपण मारू नका.

चर, पण समपातळीतच

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. मशीन भाड्यानं आणलं, ऑपरेटरनं नजरेनं सरळ लाईन मारली, आम्हीपण म्हटलं छान दिसतंय. नजरेला सपाट दिसणारी लाईन एका टोकाला दोन फूट खाली होती. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी चरातनं पळत त्या टोकाला गेलं, तिथं बांध फुटला आणि जिथं ओघळ नव्हती तिथं कमरेएवढी घळ पडली. समपातळी चुकलेला चर हा न खोदलेल्या चरापेक्षा वाईट, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून ए-फ्रेम करा, खर्च काहीच नाही. सात फुटाचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय साधारण सहा फूट फाकवायचे, मधी आडवी काठी, आणि वरनं सुतळीला दगड लोंबकळत सोडायचा. आता दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवून आडव्या काठीवर सुतळी जिथं येती तिथं खूण करा, मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, परत खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोब्बर मधी तिसरी खूण, ती लेव्हल. मग माळावर एका टोकापासनं सुरू करून एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा पाय खालीवर सरकवत सुतळी मधल्या खुणेवर आणायची, तिथं फक्की टाकायची, आणि असंच चालत जायचं. लाईन वाकडी तिकडी, सापासारखी येती, तशीच येऊ द्या, ओढून सरळ करू नका. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी असंल तर काम अजून पटकन होतं. वारं असलं की सुतळी हलती, त्यामुळं सकाळी लवकर करा.

सुरुवात माथ्यावरनं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावातल्या पाणी अडवायच्या स्पर्धेमुळं माथा ते पायथा हा शब्द आता आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण माहितीय, २०१६ ला कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं आणि २०१८ ला आमच्या माणमधल्या टाकेवाडीनं पहिला नंबर काढला तो याच पद्धतीनं काम करून. वरचं पाणी वर अडवलं की खालचं काम निम्मं होतं.

माप म्हणाल तर दोन फूट रुंद आणि फूटभर खोल, मुरूम मऊ असंल तर दीड फूट. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, पण चराच्या काठापासनं फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती परत चरात. चर सलग लांब असला तरी दर दहा बारा फुटाला फूटभर जागा न खोदता आडवी ठेवायची, म्हणजे लेव्हल कुठं इंचभर चुकली तरी पाणी चरातनं पळत नाही. चर तुटक तुटक घेणार असाल तर वरच्या ओळीतली रिकामी जागा आणि खालच्या ओळीतला चर एकाखाली एक आले पाहिजेत, विटांचं बांधकाम असतं तसं.

दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, तर हिशोब असा करा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो झाला साधारण एक लाख लिटर. उघड्या माळावरनं त्यातलं समजा चाळीस टक्के वाहतंय, म्हणजे चाळीस हजार लिटर अडवायचंय. दोन फूट बाय एक फुटाच्या चरात एका मीटरला जवळपास १८० लिटर बसतं. ओळी ३० फुटावर घेतल्या तर एकरात चारशे मीटरच्या आसपास चर होतो, त्यात सत्तर हजार लिटर मावतं. आम्ही वरच्या तीव्र उतारावर २० फुटावर ओळी घेतल्या आणि खाली सपाटीला आल्यावर ४० फुटावर. उतार फार उभा असंल, म्हणजे तीन फूट चाललं की एक फूट चढ, तर तिथं चर खोदूच नका, चर भरून जड झाला की सगळा उतारच सरकायची भीती. तिथं दगडाच्या ओळी आणि गवत.

ओघळ वरनं बांधत या

ओघळीला अनगड दगडी बांध घालायचे. गावाकडच्या बायका दगड रचण्यात आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज, त्यांना विचारून करा. पायासाठी फूटभर खोदायचं, दोन्ही काठात पण फूटभर आत दगड घुसवायचे, मोठे दगड बाहेरच्या म्हणजे खालच्या अंगाला, बारीक आत. आणि हे नीट लक्षात ठेवा, मधला भाग कडेपेक्षा निदान अर्धा फूट खाली ठेवायचा. मधला भाग उंच आणि कडा खाली राहिल्या तर पाणी बांधाला वळसा घालून काठ खातं, आणि दोन वर्षांत बांध एकटाच मधी उभा आणि ओघळ दोन्हीकडनं. पाणी जिथं पडतं तिथं खाली दगडांचं अंथरूण, नाहीतर पाया उखडतो.

उंची दोन अडीच फुटाच्या वर नेऊ नका, मोठा एक बांध करण्यापेक्षा लहान पाच बरे. अंतराचा नियम असा की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका लेव्हलला यावा. ओघळीला शंभर फुटात दहा फूट उतार असंल आणि बांध दोन फुटाचा तर अंतर २० फूट. इथंपण ए-फ्रेम नाहीतर लेव्हल नळी कामाला येती. सिमेंट वापरू नका, पाणी दगडातनं झिरपत गेलं पाहिजे, माती मागं राहिली पाहिजे. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या एका बांधामागं गुडघाभर गाळ बसला आणि त्याच गाळात पुढं निरगुडीच्या काड्या खोचल्या, आज तिथं निरगुडीचं रान झालंय. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, मुळं जबरदस्त धरतात, ओल्या ओघळीत पावसाळ्यात काडी खोचली तरी फुटती. पाण्याच्या कडेला करंज आणि उंबर, चरांच्या टोकाला आणि बांधाच्या काठाला वाळा लावा, वाळ्याची मुळं सरळ खाली जातात.

मातीचं काय करायचं

सगळा माळ नांगरायची चूक करू नका, बरेच जण करतात. उतारावर नांगर फिरला की उरलीसुरली माती मोकळी होऊन पहिल्याच पावसात खाली. फक्त जिथं बी टाकायचं तेवढ्या पट्ट्या, त्याही आडव्या, कुदळीनं बोटभर खरवडायच्या.

तलावातला गाळ आणून माळावर पसरायचा विचार खूप जणांच्या डोक्यात येतो. सपाट वावरात चांगलंय, उतारावर तो गाळ परत तलावात जाणार. गाळ आणायचाच तर फक्त खड्ड्यात भरायला आणा. आणि काळी माती मुरमाच्या खड्ड्यात नुसतीच भरली की खड्डा पाण्यानं भरून राहतो, मुळ्या कुजतात, म्हणून खड्ड्यातलीच माती निम्मी, गाळ पाव भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत पाव भाग असं करा.

चराच्या ताज्या बांधावर पहिल्या पावसात हुलगा आणि मटकी टोका. हुलगा मुरमात येतो, पसरतो, जमीन झाकतो, मुळावरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, आणि घरी माडगं पण होतं. पीक काढताना मुळासकट उपटू नका, वरनं कापून घ्या आणि भुसकाट तिथंच टाका. काडीकचरा, पाचट, गवत जे मिळंल ते उघड्या जागेवर पसरून वर दगड ठेवायचे, नाहीतर मार्च-एप्रिलचं वारं सगळं उडवून नेतं.

गवत, खरं काम हेच

झाडाची मुळी माती एका जागी धरती, गवताची मुळं सगळीकडं धरतात. बांध, चर फुटतात, भरतात, त्यांचं आयुष्य थोडं असतं, त्या काळात गवतानं ताबा घेतला पाहिजे, चर खोदायचा तो यासाठीच.

कुठलं गवत लावायचं ते शेजारच्या जुन्या बांधावर, देवाच्या माळावर, स्मशानाच्या कडेला, जिथं चराई कमी आहे तिथं बघा, तेच तुमच्या मातीचं गवत. आमच्याकडं मारवेल, पवना, डोंगरी गवत चालतं. चराच्या बांधावर हराळी आपोआप येती, ती काढू नका, वावरात ती डोकेदुखी असली तरी इथं उपकार करती. सुरुवातीला कुसळ जास्त येईल, लोक म्हणतील हे कसलं गवत, मेंढराच्या लोकरीत घुसतंय. येऊ द्या, ते उघड्या जमिनीवर पहिलं येणारं गवत आहे, चराई थांबली की दोन तीन वर्षांत चांगल्या गवतासाठी जागा सोडतं.

मारवेलची ठोंबं लावणं सगळ्यात भरवशाचं. पावसाळ्यात जुनं बेट खणून दोन तीन काड्या मुळीसकट वेगळ्या करायच्या, वरचं पातं वीतभर ठेवून कापायचं, आणि जमीन चांगली ओली झाल्यावर चराच्या बांधावर दीड दीड फुटावर लावायचं. जूनच्या पहिल्या सरीला घाई करू नका, आमच्याकडं नंतर महिनाभर पावसाची उघडीप असती आणि सगळी ठोंबं वाळतात, आम्ही एकदा ६०० ठोंबं अशीच घालवलीत. आता दुसरा तिसरा मोठा पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय हात लावत नाही.

बियाचं म्हणाल तर गवताचं बी हलकं, केसाळ असतं, हातातनं सुटत नाही आणि वाऱ्यानं उडतं. ओलसर माती आणि थोडं शेण यात चोळून घ्या, मग खरवडलेल्या पट्टीवर टाका आणि वरनं झाडाची फांदी ओढा. खोल गाडायचं नाही, बोटाच्या नखाएवढी माती बास झाली.

मग झुडपं, आणि मग झाड

दुसऱ्या पावसाळ्यात तरवड, बोराटी, हेंकळ. तरवडाला जनावर खात नाही आणि पिवळी फुलं आली की माळावर मधमाश्या येतात, त्याच्या सावलीला बाकीची रोपं टिकतात. तरवड आणि बाभूळ या दोन्हीच्या बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं, रात्रभर तसंच राहू द्यायचं, सकाळी फुगलेलं बी वेगळं करून लावायचं. बाभळीचं सोपं आहे, शेळ्यांना शेंगा घाला आणि वाड्यातलं बी झाडून गोळा करा, पोटातनं गेलेलं बी चांगलं उगवतं.

झाडं तिसऱ्या वर्षी, जिथं गवतानं जमीन धरली तिथंच, आणि दाट नाही. हिवर, बाभूळ, बोर, लिंब (कडुलिंब), खैर, आपटा, पळस, मेडशिंगी ही आपल्या कोरड्या उताराची झाडं. चिंच आणि वड खाली, जिथं माती दोन तीन फूट आहे तिथं. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ लावू नका. वेड्या बाभळीला तर पाय ठेवू देऊ नका, एकदा आली की गवत संपवती आणि तोडली तर दुप्पट फुटती. घाणेरी आणि गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटा.

बी थेट टोकलेलं झाड रोपापेक्षा टणक होतं, सोटमूळ सरळ खाली जातं. लिंबाचं बी मात्र दोन तीन आठवड्यांत मरतं, जून-जुलैत लिंबोळ्या पिकल्या की लगेच गर धुऊन टोकायचं, घरात साठवलेलं बी उगवलं नाही म्हणून रागवू नका. बोराची आठळी हलकी फोडून लावली तर लवकर येती. सीड बॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कडक मुरमावर पडलेला गोळा तिथंच वाळतो, त्याच्याऐवजी तेच बी खुरप्यानं माती मोकळी करून लावा.

रोप लावणार असाल तर फूट दीड फुटाचं घ्या. पाच फुटाचं रोप बघायला छान, पण पिशवीत मुळी गोल गोल फिरलेली असती. खड्डे मार्चमध्ये काढून उन्हात तापू द्या, चराच्या खालच्या बांधाला, चराकडच्या अंगाला, जिथं ओल सगळ्यात जास्त टिकती. लावून झाल्यावर खोडापासनं चार बोटं सोडून भोवती सपाट दगड मांडा. दगडाखाली ओल राहती, तण येत नाही. दोन उन्हाळे पंधरा दिवसातनं एकदा दहा लिटर पाणी द्यायचं, रोज तांब्याभर दिलं तर मुळी वरच राहती. जिथं जमलं तिथं मातीचं मडकं गाडून त्यात पाणी भरलं, त्याच्या शेजारची रोपं उन्हाळ्यात कधी सुकली नाहीत.

झाडांवर माझा राग नाही, सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस, वाळवा यांच्या मधलं सागरेश्वर अभयारण्य जाऊन बघा. उघड्याबोडक्या डोंगरावर लोकांनी, त्यात वृक्षमित्र धों. म. मोहिते पुढं होते, मेहनतीनं जंगल उभं केलं आणि आज तिथं हरणं फिरतात. एका पावसाळ्यात ते झालेलं नाही.

नंतरचं काम

दर पावसाळ्याआधी चरातला गाळ काढून बांधावर टाका आणि मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारा. सुटलेला एक दगड दहा मिनिटांत बसतो, तोच सप्टेंबरपर्यंत सोडला तर सगळा बांध जातो. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलं की माळाच्या कडेनं दहा फुटाचा पट्टा कापून मोकळा ठेवा, वणवा तिथं अडतो. जाळलं की गवत चांगलं येतं असं आपल्याकडं अजून बोलतात, हिरवं फुटलेलं दिसतं म्हणून, पण वरचा सगळा काडीकचरा जळून जमीन परत उघडी पडती आणि बारकी झाडं जातात.

फरक मोजायला लोखंडी सळईचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठोका, जमिनीच्या लेव्हलला रंगाची रेघ मारा. दरवर्षी दिवाळीत बघा, रेघ मातीखाली गेली का वर आली. आमच्या खालच्या चरांमागं तीन वर्षांत रेघ चार बोटं खाली गेलीय, मधल्या एका ठिकाणी अजून वर येतीय, तिथं यंदा परत दगडांची ओळ घालतोय.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला बी धरा. पवना आणि मारवेलची कणसं पिवळी पडून हाताला सहज सुटायला लागली की सकाळी दव गेल्यावर ओरबाडून घ्यायची, सगळी नाही, निम्मी माळाला ठेवायची. सावलीत वाळवून सुती पिशवीत भरून वाऱ्याला टांगा. ताजं बी लगेच टाकलं तर नीट उगवत नाही, त्याला काही महिने विसावा लागतो, जूनपर्यंत तयार होतं. पिशवीवर कुठल्या बांधावरचं ते लिहून ठेवा.